४३ इंची टीव्ही आत्ता घेऊ की किंमत अजून उतरायची वाट बघू?

माझं मत विचाराल तर गरज असेल तर घेऊन टाका. मोठी घसरण होऊन गेलीये, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, म्हणजे टॅक्स धरून ३२,००० ला असलेला सेट त्याच मूळ किमतीत २९,५०० ला बसतो. ३२ इंचीवर आधीपासूनच १८ होता त्यामुळे तिथे या कपातीने काही फरक पडला नाही, दुकानदार काही म्हणो.

पण नुसतं स्वस्त बघून उचलू नका प्लीज. आम्ही २ वर्षांपूर्वी सगळ्यात कमी किमतीचा घेतला, १ जीबी रॅमवाला, चित्र आजही मस्त आहे पण आई मालिका लावायला ॲप उघडते आणि नुसतं गोल फिरत राहतं, शेवटी वेगळी स्ट्रीमिंग स्टिक (टीव्हीला जोडून ॲप चालवणारं छोटं यंत्र) घेऊन लावली, म्हणजे वाचलेले पैसे तिकडे गेलेच ना. २ जीबी रॅम तरी बघा, एचडीएमआय पोर्ट (सेट-टॉप बॉक्स, स्टिक वगैरे जोडायची जागा) ३ असले तर उत्तम, आणि पॅनलची, म्हणजे स्क्रीनची, वॉरंटी किती ते बिलावर लिहून घ्या.