विचारा, सांगते : मार्क तेच, ग्रेड वेगळी का?

प्रश्न : मुलगी सीबीएसईतून दहावी झाली. गणितात 88 आणि मराठीतही 88, पण गणिताला ए-2 आणि मराठीला बी-1. शाळेने काही गडबड केली का? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, गडबड नाही, आणि शाळेच्या हातात ही ग्रेड नसतेच. सीबीएसई ती मार्कांवरून थेट ठरवत नाही. त्या विषयात पास झालेल्या सगळ्या मुलांची गुणानुक्रमे रांग लावतात आणि तिचे आठ भाग करतात. पहिल्या भागाला ए-1, दुसऱ्याला ए-2, असं करत डी-2 पर्यंत. ई म्हणजे नापास. मराठीत भरभरून मार्क पडले असतील, तर 88 वाली मुलगी मागे जाणारच. मला विचाराल तर दहावीच्या मुलांना अशा रांगेत उभं करणं पटत नाही, पण पद्धत हीच आहे.

आणखी एक, कारण बऱ्याच जणी विचारतात: सहावा कौशल्य विषय, म्हणजे आयटी वगैरे, वाया जात नाही. दोन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र हे पाच सक्तीचे. यातल्या भाषा सोडून एखाद्या विषयात मूल अडकलं आणि सहाव्यात पास असलं, तर तो त्या जागी धरतात. अर्थात अकरावीला सायन्स घ्यायचं असेल, तर विज्ञानाच्या जागी आयटी धरून भागेल का, हे आधी कॉलेजात विचारून घ्या.

मुलीला मात्र पेढे द्या. गणितात 88 म्हणजे गंमत नव्हे!