“ग्रीन टीने कॅन्सर टळतो ना हो?”

हा प्रश्न विचारणारी व्यक्ती बहुतेक वेळा पेशंट नसते. पेशंटची बहीण, मुलगी, नाहीतर जाऊ असते. पन्नाशी ओलांडलेल्या एक ताई अशाच माझ्याकडे आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). थोरल्या बहिणीला स्तनाचा कॅन्सर निघाल्यापासून त्यांनी दुधाचा चहा बंद करून ग्रीन टी धरला होता. जेवण झालं की लगेच एक कप, असे दिवसाला सहा-सात. वर मुलाने ऑनलाइन मागवलेल्या अर्काच्या कॅप्सूल. बाटली पर्समधून काढून त्यांनी टेबलावर ठेवली. “नॅचरलच आहे ना मॅडम? अक्कालाही देऊ का?”

अक्कांना त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही, हे मी आधी सांगितलं. ग्रीन टीमधलं ईजीसीजी नावाचं द्रव्य काही औषधांच्या आड येतं. मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवरचं बोर्टेझोमिब हे त्यातलं एक. याच ईजीसीजीने प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशींची वाढ मंदावते, आणि सगळ्या जाहिराती तेवढंच धरून बसतात. माणसांचं काय? 2020 मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने 142 अभ्यास, म्हणजे 11 लाखांवर माणसांची माहिती तपासली. कॅन्सर टळतो असं ठामपणे म्हणण्याजोगं काही हाती लागलं नाही.

कप आणि कॅप्सूल यांत मात्र फरक आहे. दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी गोळ्यांतून गेलं तर यकृतावर ताण येऊ शकतो, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये सांगितलंय. शिवाय जेवणानंतर लगेच चहा घेतला की भाजी-डाळीतलं लोह नीट अंगी लागत नाही. ताईंचं हिमोग्लोबिन आधीच कमी होतं.

बोलताना हिरडीची काळपट कड दिसली. मिश्री? “सकाळी एकदाच हो, दात घासायला.” मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, तोंडाच्या कॅन्सरचं उघड कारण. पण आमच्याकडे ती व्यसनात मोजतच नाहीत!

“स्वतःची स्तनांची तपासणी करून घेतलीत का कधी?” यावर त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, “काही निघालं तर?” खरी भीती ही होती, आणि सहा-सात कप तिच्यावरचा उतारा होते. मी त्यांना मुंबईतल्या वस्त्यांमधला अभ्यास सांगितला. तिथे प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. 20 वर्षांच्या पाठपुराव्यात पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले.

“तपासायला बाई डॉक्टरच असतील ना?” असं विचारून त्यांनी त्याच दिवशी तपासणी करून घेतली. गाठ नव्हती. बहिणीचा इतिहास असल्याने डॉक्टरांनी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रेही लिहून दिला. कॅप्सूल बंद झाल्या. चहा दोन कपांवर आला, तोही दोन जेवणांच्या मधे. आवडतो म्हणून खुशाल प्या, म्हटलं. मिश्री अजून सुटलेली नाही. त्यासाठी तंबाखूमुक्ती केंद्रात नाव घातलंय, आणि सुनेने डबी आपल्या ताब्यात घेतलीय.