विल्यम मार्शल : 'मार्शल' हे आडनाव की हुद्दा?

प्रश्न असा आहे : बाराव्या-तेराव्या शतकातल्या विल्यम मार्शल या इंग्रज उमरावाच्या नावातलं 'मार्शल' मराठीत कसं आणायचं? 'सेनापती विल्यम' चालेल का?

नाही चालणार. 'सेनापती'मुळे अर्थ तर चुकतोच, शिवाय त्याचं घराणंही पुसलं जातं. आपल्याकडच्या फडणीस-चिटणिसांची जी गोष्ट, तीच याची. आधी काम, मग वतन, मग आडनाव.

मूळ जर्मानिक शब्दात 'मारह' म्हणजे घोडा (इंग्रजीतली 'मेअर', म्हणजे घोडी, ह्याच कुळातली) आणि 'स्काल्क' म्हणजे चाकर. थोडक्यात, मोतद्दार! फ्रेंचमध्ये 'मारेशाल' आजही दोघांना म्हणतात, लष्करातल्या सर्वोच्च मानकऱ्याला आणि घोड्याला नाल ठोकणाऱ्यालाही. आपल्याकडे पागनीस वेगळे, नालबंद वेगळे. तिथे एकाच शब्दाने तबेल्यापासून दरबारापर्यंत मजल मारली.

विल्यमच्या आजोबांनी आणि वडिलांनी राजाच्या पागेची ही मार्शलकी द्वंद्वयुद्धाचा निवाडा जिंकून वंशपरंपरागत करून घेतली. म्हणून इथे 'वतन' हाच शब्द नेमका बसतो. वडील जॉन भलताच कठोर माणूस. 1152 च्या न्यूबरीच्या वेढ्यात छोटा विल्यम राजा स्टीफनकडे ओलीस होता. पोराला फासावर देऊ म्हटल्यावर बापाचा निरोप गेला, की याहून सरस पोरं घडवायला हातोडा नि ऐरण माझ्याकडे शाबूत आहेत! पुढे विल्यमच्या मुलाने लिहवून घेतलेल्या चरित्रकाव्यात हा प्रसंग आहे. राजाने पोराला मारलं नाही.

विल्यम धाकटा, म्हणून वतन थोरल्या भावाकडे गेलं. तो 1194 मध्ये वारल्यावर ते विल्यमकडे आलं. पण लोक त्याच्या कितीतरी आधीपासून त्याला 'मार्शल'च म्हणत होते. हुद्दा भावाचा आणि नाव दोघांचं, म्हणजे तोवर ते आडनाव झालेलंच होतं. पेम्ब्रोकची अर्लपदवी मात्र बायकोच्या वारशातून आलेली. 1189 मध्ये चाळिशी ओलांडलेल्या विल्यमचं इझाबेल द क्लेअरशी लग्न झालं, आणि आयर्लंड-वेल्समधली तिची जहागीर घरात आली. 1216 मध्ये नऊ वर्षांच्या तिसऱ्या हेन्रीचा कारभारीही तोच झाला.

पाच मुलगे, पाच मुली. पाचही मुलगे औरस वारस न ठेवता गेले. त्यातला गिल्बर्ट 1241 मध्ये घोड्यावरच्या झुंजीत लगाम तुटून खाली पडला, रिकिबीत पाय अडकून फरफटला आणि मेला. पागेच्या वतनदाराला असं मरण! 1245 मध्ये शेवटचे दोघे गेले आणि आडनाव संपलं. हुद्दा मात्र उरला. 1246 मध्ये थोरली लेक मॉड हिच्या हाती मार्शलकीची काठी आली, आणि तिच्याकडून ती बिगॉड घराण्यात गेली. आज 'अर्ल मार्शल' हा मान नॉरफोकच्या ड्यूककडे आहे. 2023 चा राज्याभिषेक त्यांच्याच देखरेखीखाली पार पडला.

तेव्हा नाव 'विल्यम मार्शल' असंच ठेवा. हुद्द्याचा उल्लेख आला, तर 'राजाच्या पागेचा वतनदार' असा खुलासा एकदा करा, पुरे.

आणि हो, 'मार्शल लॉ', 'मार्शल आर्ट' यांच्याशी याचा काडीचा संबंध नाही. तो शब्द मार्स या रोमन युद्धदेवतेवरून आला. इंग्रजीत दोघांचं स्पेलिंग वेगळं आहे, नागरीत मात्र दोन्ही एकसारखेच दिसतात. विधानसभेत गोंधळी आमदाराला उचलून बाहेर नेतात ते मार्शल मात्र घोडेवाल्यांच्याच कुळातले.