लहानपणी घरात मारझोड पाहिली, तर मोठेपणी मानसिक आजार होणारच का?

वडील दारू पिऊन आईला मारायचे, सातपूरच्या दोन खोल्यांत तुम्ही ते रोज पाहिलंत. आता अंबडला कंपनीत नोकरी आहे, लग्न ठरलंय, आणि मोबाइलवर बालपणातल्या वाईट अनुभवांची एक चाचणी देऊन दहापैकी सहा गुण आल्यापासून झोप लागत नाही. मला मानसिक आजार होणारच का, मुलांनाही तो लागेल का, होणाऱ्या बायकोला सांगायचं का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत. मी नाशिकमध्येच समुपदेशनाचं काम करते, बहुतेक कामगार वस्तीतल्या कुटुंबांबरोबर. पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही, होणारच असं काही नाही. धोका वाढतो, एवढं खरं.

तुम्ही दिलेली चाचणी मुळात अमेरिकेतली आहे. सॅन दिएगोमधल्या कैझर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेतले डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि सरकारी रोगनियंत्रण केंद्रातले डॉ. रॉबर्ट आंडा यांनी हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातलं व्यसन, आईवर होणारी हिंसा, अशा गोष्टी. १९९८ मध्ये निष्कर्ष छापून आले. निम्म्याहून जास्त लोकांनी निदान एक तरी अनुभव सांगितला होता, आणि ही बहुतेक विमा असलेली, सुस्थितीतली माणसं होती. ज्यांनी चार किंवा जास्त प्रकार सांगितले, त्यांच्यात दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचं प्रमाण, एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत, ४ ते १२ पट होतं.

असा पटीतला आकडा वाचला की छातीत धस्स होतं. पण पट कशाची, ते बघा. समजा, एखादा त्रास शंभरातल्या दोघांना होतो. चौपट झाला तर आठ जणांना होईल, आणि उरलेल्या ब्याण्णव जणांना होणार नाही. हा आकडा हजारो माणसांच्या समूहाबद्दल काही सांगतो, एकट्या तुमच्याबद्दल नाही. खुद्द आंडा यांनी २०२० मध्ये लिहिलं की हे गुण एकेका माणसाचं भविष्य ठरवायला वापरू नयेत. तुम्ही मात्र ते कुंडलीतल्या मंगळासारखे घेऊन बसला आहात.

शिवाय ती प्रश्नावली बरंच काही विचारतच नाही. एकदा घडलेल्या गोष्टीला एक गुण आणि दहा वर्षं रोज घडलेल्या गोष्टीलाही एकच. वय काय होतं, जवळ कोण होतं, हेही नाही. गरिबीचा प्रश्न नाही, शाळेत जातीवरून झालेल्या अपमानाचा नाही. निफाड-दिंडोरीकडे गारपिटीत द्राक्षबाग झोपली की त्या घरात वर्षभर काय चालतं, ते तर त्या कागदावर कुठून येणार? आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत दारू आणि मारझोड आधी असतेच, पण कर्ज थकल्यावर ती हाताबाहेर जाते.

हे सगळं मनात उतरतं कसं, तेही समजून घ्या, कारण तुम्ही लिहिलंय, ‘माझ्या डोक्यातच काहीतरी बिघडलंय’. रात्री दाराची कडी वाजली की आज बाबा कसे आलेत, हे पावलांवरून ओळखणारं मूल सतत सावध राहतं. छाती धडधडते, कॉर्टिसॉलसारखी तणावाची संप्रेरकं पुन्हा पुन्हा वाढतात, धोका हेरणारी मेंदूची यंत्रणा तरबेज होते. त्या वयात, त्या घरात हे शहाणपणाचंच होतं. अडचण ही की घर सुटलं तरी ती सवय सुटत नाही. सुपरवायझरने आवाज चढवला की हातपाय गार पडतात, असं तुम्ही लिहिलंत ना, ते हेच. हा बिघाड नाही. शरीर जे शिकलं, ते अजून विसरलेलं नाही.

धोके सहसा एकेकटे काम करत नाहीत, एकमेकांच्या हातात हात घालून येतात. लंडनमधल्या स्त्रियांच्या नैराश्यावर ब्राउन आणि हॅरिस यांचा जुना अभ्यास आहे, १९७८ चा. अकराव्या वर्षाआधी आई गेलेली, घरात तीन किंवा जास्त लहान मुलं, बाहेर नोकरी नाही, आणि मन मोकळं करायला जवळचं माणूस नाही. या परिस्थितीत मोठा आघात झाला की नैराश्य येण्याची शक्यता वाढत होती. मला यातली शेवटची बाब सगळ्यांत मोलाची वाटते, कारण ती आजही बदलता येते.

हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर यांनी कित्येक दशकं घेतला. गरिबी, व्यसनी किंवा आजारी पालक अशा कठीण घरांतल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं चांगली, धडधाकट मोठी झाली. त्यांच्यात वारंवार आढळणारी एक गोष्ट म्हणजे भरवशाचं एक तरी मोठं माणूस. आजी, काकू, शिक्षक, कोणीही. तुम्ही जाता जाता लिहिलंय की सुट्टी लागली की पंचवटीत मावशीकडे पळायचो आणि तिथे गाढ झोप यायची. तुमच्या सहा गुणांपेक्षा मला ते वाक्य महत्त्वाचं वाटलं. मावशींकडे अजूनही जात असाल तर जाणं सोडू नका.

आता आजच्या गोष्टी. दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा मानला जातो, म्हणून मित्रांच्या आग्रहाखातरसुद्धा पिऊ नका, असं मी स्पष्टच सांगेन. शिफ्ट बदलत असेल तर झोपेला जपा. दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, झोप अशीच उडालेली असेल, तर त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जाणं जमत नसेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर बोला. सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटला तर मात्र थांबू नका, त्याच क्षणी फोन करा आणि एकटे राहू नका. जुने आघात वारंवार त्रास देत असतील तर त्यासाठी खास बोलण्याच्या उपचारपद्धती आहेत आणि त्यांनी माणसं बरी होतात. नातेवाईक म्हणतील, झालं गेलं गंगेला मिळालं. ते प्रेमानंच म्हणतात, पण दाबून ठेवल्यानं ते गेलेलं नसतं.

मुलांबद्दल: काही प्रवृत्ती रक्तातून येते, पण मारझोड रक्तातून येत नाही. लहानपणी छळ सोसलेली बहुतेक माणसं पुढे आपल्या मुलांचा छळ करत नाहीत, असंच अभ्यासांतून दिसतं. राग तुम्हालाही येईल, सगळ्याच बापांना येतो. चिडल्यावर मुलाजवळ परत जाऊन ‘मी ओरडलो, चुकलं माझं’ म्हणणारा बाप तुमच्या घरात नव्हता. तुम्ही तसे होऊ शकता.

होणाऱ्या बायकोला सांगाच, लग्नाआधी, दोघंच असताना. गुणांचा आकडा सांगू नका, त्याने काहीच कळत नाही. ‘कोणी आवाज चढवला की मी गप्प होतो, तेव्हा मी रागावलेलो नसतो, घाबरलेलो असतो’, एवढं सांगितलंत तरी तिला रोजच्या संसारात उपयोगी पडेल. मात्र त्याआधी आईशी बोला. त्या दोन खोल्यांत घडलं ते तिच्याही आयुष्यातलं आहे, आणि सुनेला त्यातलं किती कळावं हे तिला विचारायला हवं.