मैदानातले प्रश्न : डावरी कॅचर चालेल का?

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची आहे, डावरी. शाळेच्या सॉफ्टबॉल संघात तिला कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारी) व्हायचंय. सर म्हणतात, डावऱ्यांना तिथे ठेवत नाहीत, तू फर्स्ट बेस खेळ. असा नियम आहे का?
– एक पालक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : नियम अजिबात नाही. ही रीत बेसबॉलमधून आली. तिथे डावरा कॅचर इतका दुर्मिळ, की १९८९ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी व्यावसायिक संघाचा बेनी डिस्टेफानो तीन सामने कॅचर राहिला, तर ते आजही सांगितलं जातं. मुलीला हौस असेल तर नुसत्या रिवाजापायी तिला अडवू नये. मात्र दोन अडचणी खऱ्या आहेत.

पहिली थर्ड बेसकडच्या फेकीची. कॅचरपुढच्या होम प्लेटपासून उजवीकडे फर्स्ट, समोर सेकंड आणि डावीकडे थर्ड बेस असतो. डावऱ्या हाताने फेकताना उजवा खांदा बेसकडे हवा. फर्स्टसाठी थोडं वळलं की झालं. थर्डसाठी जवळजवळ पाठ फिरवावी लागते, त्यात उजव्या हाताची बॅटर त्याच बाजूला उभी. म्हणून डावा पाय डावीकडे, बॅटरच्या मागे टाकायचा, त्यावर गिरकी घ्यायची आणि उजवा पाय पुढून आणून थर्डच्या रोखाने ठेवायचा. मगच फेक. मुली घाईत पाय न वळवता नुसत्या हाताने फेकतात. खांदा उघडा राहतो, चेंडू रेषेबाहेर फाऊलमध्ये जातो आणि सेकंडवरची धावपटू आरामात घरी येते. आधी चेंडूशिवाय नुसती पावलं, मग १० मीटरवरून, शेवटी पूर्ण ६० फुटांवरून. बॅटरच्या जागी कोणीतरी बॅट घेऊन उभं असलंच पाहिजे, नाहीतर या सरावाला अर्थ नाही.

दुसरी होम प्लेटवरच्या टॅगची, म्हणजे धावपटूला चेंडूने शिवून बाद करण्याची. धावपटू डावीकडून येते, मिट (झेलायचा जाड हातमोजा) उजव्या हातात. जागेवरून हात आडवा नेला तर धक्क्याने मिट उघडतं, चेंडू निसटतो. फेक येतानाच पावलं थर्डकडे वळवावीत, चेंडू मिटमध्ये डाव्या हाताने दाबून धरावा आणि दोन्ही हात जमिनीलगत आणावेत. चेंडू हातात नसताना वाट अडवली तर ऑब्स्ट्रक्शन, म्हणजे नियमबाह्य अडथळा.

सेकंडची फेक सुमारे ८५ फुटांची. बोटं शिवणीवर आडवी ठेवावीत. हात बाजूने फिरला तर डावरीचा चेंडू थर्डच्या अंगाला वळतो, म्हणजे धावपटूपासून दूर.

फायदेही आहेत, आणि ते सरांना जरूर सांगा. फर्स्टवर रेंगाळणारीला फेकीने टिपणं सोपं. थर्डच्या रेषेवरचा बंट (बॅटने हलकेच टेकवलेला चेंडू) उचलून फर्स्टला फेकताना तिला पाठ फिरवावी लागत नाही. उजव्या बॅटरच्या बाहेरच्या बाजूला जाणारा कर्व्ह (वळणारा चेंडू) थेट मिटच्या हाताशी येतो.

प्रश्न : डावऱ्या कॅचरचं मिट मागताना काय सांगायचं?
– एक खेळाडू, सुदामानगर, इंदूर

उत्तर : नुसतं ‘लेफ्ट हँड’ म्हटलं की पुष्कळदा डाव्या हातात घालायचं मिट पुढे येतं. ‘फेकणारा हात डावा, मिट उजव्या हातात’ असं सांगा. सॉफ्टबॉलचंच घ्या, ३३ ते ३४ इंच घेराचं. बेसबॉलच्या मिटचा खिसा लहान चेंडूसाठी असतो, सॉफ्टबॉलचा १२ इंच घेराचा चेंडू त्यात नीट बसत नाही. दुकानात तयार क्वचितच असतं, तेव्हा हंगामाआधीच ऑर्डर द्या. नवं मिट कडक असतं : खिशात चेंडू ठेवून रात्रभर दोरीने बांधा, दिवसा हलके झेल घ्या. पाण्यात भिजवू नका, कातडं वाळून तडकतं. मास्क, चेस्ट गार्ड आणि लेग गार्ड मात्र नेहमीचेच चालतात.