मतदार फिरला, की घरी बसला?

प्रश्न : २०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडीने ४८ पैकी ३० जागा घेतल्या, नोव्हेंबरच्या विधानसभेला महायुतीने २८८ पैकी २३०. सहा महिन्यांत इतके लोक फिरले? आणि मतदान वाढलं की सरकार पडतं ना?

उत्तर : दुसऱ्या समजुतीला ही विधानसभाच उत्तर देते. मतदान २०१९ च्या सुमारे ६१ टक्क्यांवरून ६६ वर गेलं आणि सरकार टिकलं.

आता ‘फिरले’चं. लोकसभेला दोन्ही आघाड्यांची मतं जवळपास सारखीच होती, त्यामुळे थोड्या फरकाने पुष्कळ जागा पलटू शकत होत्या. शिवाय टक्का बदलायला मतदार फिरावाच लागतो असं नाही. समजा, एका केंद्रावर लोकसभेला ६०० मतं पडली : अ ला ३३०, ब ला २५०, इतरांना २०. विधानसभेला ७०० पडली : अ ३२५, ब ३५०, इतर २५. अ चा टक्का ५५ वरून ४६ वर आला, पण मतं गेली फक्त पाच! बहुधा ब ने आधी घरी बसलेले बाहेर काढले. बहुधा म्हणतो, कारण काही अ कडून ब कडे आणि तेवढेच नवे अ कडे आले असतील, तर बेरजेत ते दिसत नाही.

तुमच्या गावाचं तुम्हीच पाहा. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून दोन्ही निवडणुकांचा फॉर्म २० घ्या, त्यात केंद्रनिहाय मतं असतात. टपाली मतं शेवटी वेगळी असतात, ती बाजूला ठेवा. टक्के नव्हे, आकडे शेजारी मांडा. घोटाळा हमखास होतो तो केंद्र क्रमांकाचा : केंद्र विभागलं की पुढचे क्रमांक सरकतात. म्हणून मतदार यादीच्या पहिल्या पानावरची वस्ती जुळवा.

‘लाडकी बहीण’च्या दीड हजारांचा परिणाम मात्र यातून काढू नका. कोणाला बायकांची किती मतं, हे फॉर्म २० मध्ये नसतं. त्याला मतदानोत्तर सर्वेक्षणच लागतं.

प्रश्न : शहरांत मतदान नेहमी कमीच का?

उत्तर : काही अंशी यादीमुळे. १,००० नावांतले १५० मयत किंवा घर बदललेले असतील, तर ५०० मतांचे ५० टक्के दिसतात. खरे जवळपास ५९. मयताचं नाव वगळायला फॉर्म ७, पत्ता बदलायला फॉर्म ८. निवडणूक जाहीर व्हायची वाट न पाहता बीएलओकडे, म्हणजे तुमच्या मतदान केंद्राच्या यादीचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे द्या.