चुलीची राख बरणीच्या ग्लेझला चालेल?

प्रश्न : ताई, आमच्याकडे आंब्या-काजूच्या लाकडाची राख भरपूर निघते, शिवाय भातगिरणीतून तुसाची राख फुकट मिळते. तिचं ग्लेझ (भट्टीत वितळून बसणारा काचेसारखा लेप) लोणच्याच्या बरण्यांना द्यायचंय. घरचे म्हणतात, जन्मभर राखेनं भांडी घासली, तिला काय जपायचं? – एक वाचक, चिपळूण तालुका

उत्तर : घरच्यांना विचारा, भांडी घासून हात कसे व्हायचे ते! लाकडाची राख पाण्यात पडली की पोटॅश विरघळतं आणि पाणी जळजळीत क्षारयुक्त होतं. म्हणून राख भिजवताना लांब रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच. डोळ्यात थेंब उडालाच तर नळाखाली पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टर गाठा. बादली प्लॅस्टिकची घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याला हे पाणी खातं आणि वर हायड्रोजन सोडतं.

तरंगणारा कोळसा काढून टाका, राख ८० मेशच्या (इंचाला ८० भोकांच्या) चाळणीतून ओलीच गाळा. दोन-तीनदा पाणी बदललंत तर ग्लेझ दर घाण्याला सारखं राहतं. न धुतलेली राख जास्त वितळते खरी, पण बादलीत रोज नवं रूप दाखवते. रंगवलेल्या फर्निचरची राख मात्र नको, जुन्या रंगात शिसं असू शकतं.

तुसाची राख वेगळीच. ती बहुतांशी सिलिका (वाळूतला मुख्य घटक), लाकडाच्या राखेसारखी वितळवणारी नव्हे. जोरात जळलेल्या तुसात ही सिलिका स्फटिकरूप होते, आणि तिची कोरडी धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात साचली तर सिलिकोसिस होतो. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क लावा. सांडलेली पूड झाडूनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

सुरुवातीला धुतलेली लाकडी राख ४०, फेल्डस्पार (खडकातलं एक खनिज) ४०, चिनी माती २० असं घ्या, तुसाची नंतर थोडी मिसळून बघा. हे सुमारे १२५० अंश सेल्सिअसला वितळतं, तेव्हा भांडं स्टोनवेअर मातीचंच (एवढी आच सोसणाऱ्या मातीचंच) हवं. कुंभारवाड्यातली लाल माती त्या आचेला बसकण मारते. हे ग्लेझ ओघळतं, म्हणून तळाकडचं बोटभर कोरडं सोडा.

आता बरण्या. राखेच्या ग्लेझसारखं चुन्याचं प्रमाण जास्त असलेलं ग्लेझ आंबटाला टिकेलच असं नाही. भाजलेल्या तुकड्यावर लिंबाची फोड रात्रभर ठेवा. सकाळी डाग पडला किंवा चकाकी गेली, तर ते ग्लेझ फुलदाणीला ठेवा, कैरीला नको.